मयताच्या खात्यातले पैसे : कोर्टाकडून वारसा प्रमाणपत्र कसं मिळवावं

घरातला माणूस गेला, गंधमुक्ती झाली, की पासबुकं गोळा करून घरचे बँकेत जातात. काउंटरवर पहिलंच वाक्य ऐकू येतं, "कोर्टातून वारसा प्रमाणपत्र आणा." हे ऐकून थेट वकिलाकडे जाऊ नका. पुष्कळ खात्यांना कोर्टाच्या कागदाची गरजच नसते. ज्यांना असते, त्यांची यादी आधी नीट झाली नाही तर तोच अर्ज दोनदा करावा लागतो. कोर्ट फी रकमेच्या टप्प्यांवर आकारली जाते, त्यामुळे ज्या खात्याला प्रमाणपत्र लागत नाही ते अर्जात घातलं की घरचेच पैसे विनाकारण जातात.

म्हणून पहिलं काम घरी बसून करायचं, आणि ते म्हणजे छाननी.

आधी सगळं शोधा

मयताची सगळी पासबुकं, मुदत ठेवीच्या पावत्या, पोस्टाची पुस्तकं, पतसंस्थेचे दाखले, एलआयसीच्या पॉलिसी, शेअरचे कागद एका पिशवीत आणा. मग प्रत्येक पासबुकातल्या शेवटच्या दोन वर्षांच्या नोंदी बोट ठेवून वाचा. मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापलेले दिसले तर मयताचा प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा होता. २० रुपये कापलेले असतील तर तो अपघात विमा. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी, दुसऱ्यात अपघाती मृत्यू झाला तर, २ लाख रुपये मिळतात. ते नॉमिनी म्हणून नोंदवलेल्या व्यक्तीला बँकेमार्फतच मिळतात, कोर्टात जावं लागत नाही. अर्ज मात्र लवकर करा. दर तिमाहीला येणारं बारीकसारीक व्याज दिसलं तर कुठेतरी ठेव आहे. लाभांश जमा झालेला दिसला तर शेअर आहेत. दरवर्षी एका ठरावीक महिन्यात मोठी रक्कम गेलेली असेल तर ती बहुधा विम्याचा हप्ता.

दहा वर्षं हात न लावलेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जमा होते. ती बुडत नाही, वारसाला त्याच बँकेमार्फत परत मागता येते. असं जुनं खातं शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' संकेतस्थळ आहे. त्यावर मयताचं नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख टाकून पाहा. ज्यांनी उमेदीची वर्षं सुरतेत किंवा मुंबईत काढली, त्यांच्या बाबतीत हा शोध जरूर घ्या. तिथल्या एखाद्या शाखेत पगाराचं जुनं खातं विसरलेलं असू शकतं.

एक ताकीद इथेच देऊन ठेवतो. मृत्यूनंतर मयताचं एटीएम कार्ड वापरून पैसे काढू नका, अगदी दवाखान्याचं बिल भागवायला सुद्धा. पुढे एखाद्या वारसाने आक्षेप घेतला तर त्या दिवसाची नोंद कोर्टासमोर येते आणि सगळ्या अर्जावर संशयाची छाया पडते. पेन्शनचं खातं असेल तर मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन बँक परत वळती करते. म्हणून बँकेला लगेच कळवा. भुसावळचे रेल्वेवाले, वरणगावच्या आयुध निर्माणीतले निवृत्त कामगार यांच्या घरी हा प्रसंग नेहमीचा आहे. पेन्शनच्या खात्यावरची शिल्लक अर्जात लिहाल तेव्हा ही वजावट झाल्यानंतरचीच लिहा.

कोणतं खातं कोर्टाशिवाय सुटतं

ज्या खात्यावर नामनिर्देशन आहे, म्हणजे नॉमिनीचं नाव नोंदवलेलं आहे, किंवा जे दोघांच्या नावावर 'दोघांपैकी एक किंवा हयात असणारा' या अटीवर आहे, त्याचे पैसे बँक मृत्यूचा दाखला, दाव्याचा फॉर्म आणि ओळखपत्र एवढ्यावर देते. रक्कम कितीही असली तरी वारसा प्रमाणपत्र किंवा जामीन मागायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नामनिर्देशन नसलं तरी ठरावीक मर्यादेपर्यंत सोपी पद्धत आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनुसार ही मर्यादा व्यापारी बँकांसाठी किमान १५ लाख आणि सहकारी बँकांसाठी किमान ५ लाख रुपये आहे. या मर्यादेत वारसांचं क्षतिपूर्ती बंधपत्र (पुढे बँकेचं नुकसान झालं तर भरून देऊ असं लिहून देणं) आणि पैसे न घेणाऱ्या वारसांची ना हरकत यांवर काम होतं. कागद पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा असतो. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर भरपाईचं व्याजही द्यावं लागतं.

पोस्टाचं गणित वेगळं आहे. नामनिर्देशन नसेल तर ५ लाखांपर्यंतची रक्कम मृत्यूनंतर सहा महिने झाल्यावर शपथपत्र आणि बंधपत्रावर मिळते. त्यापुढे कोर्टाचा कागद लागतो.

पतसंस्था मात्र बँक नव्हे. तिला रिझर्व्ह बँकेचे हे निर्देश लागू नाहीत, ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० आणि स्वतःच्या उपविधींवर चालते. जळगाव-धुळ्याकडे ज्येष्ठांची आयुष्यभराची पुंजी पतसंस्थेतच असते, म्हणून हे मुद्दाम लिहितो. पतसंस्थेत उपविधी मागून घ्या आणि नामनिर्देशनाची नोंद पाहा. पतसंस्था अवसायनात गेली असेल, म्हणजे बंद करून तिचे हिशोब मिटवायला काढले असतील, तर दावा ते काम पाहणाऱ्या अवसायकाकडे करायचा असतो आणि तिथे वारस सिद्ध करावाच लागतो.

शेअरसाठीही मर्यादा आहेत. डिमॅट खात्यात १५ लाखांपर्यंत, आणि कागदी शेअर असतील तर एका कंपनीमागे ५ लाखांपर्यंत, साध्या कागदांवर हस्तांतर होतं.

एवढी छाननी झाली की उरलेल्या प्रत्येक खात्यासाठी शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या : मृत्यूच्या दिवशीची शिल्लक, आजची शिल्लक, नामनिर्देशन आहे की नाही, आणि वारसा प्रमाणपत्र लागत असेल तर तसं लेखी कळवावं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. हे पत्र पुढे कोर्टात पुरावा म्हणून उपयोगी पडतं. शिवाय लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळ शाखा नियम उघडून पाहतात आणि कोर्टात न जाताच काम होतं.

नामनिर्देशनाबद्दल एक गैरसमज घराघरांत आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो बँकेकडून पैसे स्वीकारतो आणि वारसांसाठी विश्वस्त म्हणून जपतो. विम्याबाबत १९८३ मध्ये (२०१५ च्या कायदा-दुरुस्तीने आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर विम्यापुरतं हे बदललं), बँक खात्यांबाबत २०१० मध्ये आणि शेअरबाबत २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं आहे. तेव्हा काकांनी पुतण्याला नॉमिनी केलं होतं म्हणून काकू आणि मुलींचा हक्क संपत नाही.

दाखल्यांचा गोंधळ

'वारस दाखला' या एकाच नावाखाली लोक चार वेगळे कागद धरतात. सरपंच किंवा नगरसेवकाचा दाखला ही फक्त माहिती आहे. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडची, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडची, वारस नोंद ही सातबाऱ्यासाठी असते. गाव नमुना ६-क म्हणजे वारसांची नोंदवही, त्यावरून बँकेतले मोठे पैसे मिळत नाहीत. तिसरा कागद आहे १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खालचा दिवाणी कोर्टाचा वारस दाखला. घर, प्लॉट, नोकरीच्या नोंदी यांसाठी तो चालतो. चौथा कागद म्हणजे भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ च्या कलम ३७२ खालचं वारसा प्रमाणपत्र, ज्याला कोर्टाच्या आवारात सगळे 'सक्सेशन' म्हणतात. खात्यातली शिल्लक, मुदत ठेव, शेअर, रोखे, लोकांकडून येणं या गोष्टींसाठी हाच कागद हवा. कारण कलम ३८१ प्रमाणे या प्रमाणपत्रावर विसंबून पैसे दिले की देणारी बँक पूर्ण मोकळी होते. दुसरा दाखला दाखवून पैसे देताना बँकेला हे संरक्षण नसतं, म्हणून ती अडते. तिथे हुज्जत घालून उपयोग नाही.

या प्रमाणपत्रात काय येत नाही, तेही पक्कं लक्षात ठेवा. जमीन येत नाही, घर येत नाही आणि लॉकरमधलं सोनं येत नाही. ते 'येणं' नाही, वस्तू आहे. जळगावसारख्या सोन्याच्या गावात लॉकरचा प्रश्न हमखास येतो. लॉकर नामनिर्देशनावर, नाहीतर सर्व वारसांच्या संमतीने, साक्षीदारांसमोर यादी करून उघडला जातो. वारसांत वाद असेल तर प्रशासनपत्राचा, म्हणजे मयताच्या मिळकतीची व्यवस्था पाहण्याच्या कोर्टाच्या अधिकारपत्राचा, वेगळा अर्ज करावा लागतो. याउलट रावेर-यावलकडच्या एखाद्या व्यापाऱ्याने मयताच्या केळीचे पैसे द्यायचे ठेवले असतील तर ते येणं आहे आणि प्रमाणपत्रात घालता येतं. त्यासाठी काटापट्टी आणि हिशोबाची चिठ्ठी जपून ठेवा. शेतजमिनीचा खंड मात्र कायद्याने यातून वगळला आहे.

मृत्युपत्र असेल तर ते लपवून अर्ज करू नका. खान्देशातल्या हिंदू माणसाने इथेच, इथल्याच मिळकतीबद्दल केलेल्या मृत्युपत्राला प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) घेण्याची सक्ती नाही. पण ते कोर्टात सिद्ध करायला सही करणाऱ्या साक्षीदारांपैकी किमान एक जण उभा करावा लागतो. साक्षीदार वयस्कर असेल तर दिरंगाई परवडत नाही.

कोणत्या कोर्टात

मयत मृत्यूच्या वेळी जिथे सामान्यपणे राहत होता, त्या हद्दीतलं कोर्ट. माणूस नाशिकच्या किंवा मुंबईच्या दवाखान्यात गेला तरी राहणं चोपड्याचं असेल तर अर्ज चोपड्याकडच्या हद्दीतच करायचा. मृत्यूचा दाखला मात्र जिथे मृत्यू झाला तिथल्या महापालिकेकडून आणावा लागतो. ठरलेलं राहण्याचं ठिकाण नसेल तर जिथे मिळकतीचा काही भाग आहे तिथलं कोर्ट चालतं. कायद्यात 'जिल्हा न्यायाधीश' असं लिहिलं असलं तरी कलम ३८८ खाली खालच्या दिवाणी न्यायालयांना अधिकार देता येतात. म्हणून प्रत्यक्षात अर्ज बहुधा दिवाणी न्यायाधीशाकडे चालतो. तुमच्या तालुक्याचा अर्ज कुठे घेतात, हे स्थानिक वकिलाला किंवा कोर्टाच्या दाखल विभागात विचारून घ्या.

सुरतेला स्थायिक झालेल्या माणसाचं काय? त्याचं रेशनकार्ड गावचं, मतदान गावचं, पण वीस वर्षं राहणं उधना-लिंबायतला. अशा वेळी 'सामान्यपणे राहणं' सुरतेचं धरलं जाण्याची शक्यता मोठी, आणि मग अर्ज तिथे करावा लागतो. गावचा पत्ता टाकून इथे अर्ज केला आणि कुणी हरकत घेतली तर सगळी मेहनत वाया जाते. गुजरातेतला मृत्यूचा दाखला गुजरातीत असेल तर प्रमाणित भाषांतर जोडा.

अर्ज बनवताना : वारसांची यादी

इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि काही चुका जाणूनबुजून केल्या जातात. लग्न झालेल्या बहिणीचं नाव अर्जात न घालणं ही त्यांतली पहिली. "तिला काही नको, तीच म्हणाली," असं सांगितलं जातं. तिला खरंच नको असेल तर तिने कोर्टात तसं लिहून द्यावं, पण तिचं नाव अर्जात असलंच पाहिजे. नाव वगळलं तर कलम ३८३ खाली प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं, आणि अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिणं हा गुन्हा आहे. कायद्याचं सोडा, बापाच्या कष्टाच्या पैशात मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे.

हिंदू पुरुष मृत्युपत्राशिवाय गेला तर पहिले वारस म्हणजे पत्नी, मुलगे, मुली, आई, आणि आधी वारलेल्या मुला-मुलीची शाखा. पुष्कळांना धक्का बसतो तो इथे : आई या यादीत आहे, वडील नाहीत. लग्न न झालेला तरुण मुलगा गेला तर त्याच्या खात्याची वारस एकटी आई. लग्न झालेला गेला तर पत्नी, मुलं आणि आई सारख्या वाट्याने. सुनेला आणि सासूला हे आधीच समजावून सांगितलं तर पुढची निम्मी भांडणं टळतात.

एक हिशोब करून दाखवतो. आजोबा गेले, खात्यात ३० लाख. मागे आजी, एक मुलगा, दोन मुली. दुसरा मुलगा आधीच वारलेला, त्याची पत्नी आणि दोन मुलं आहेत. आजी, मुलगा, दोन मुली आणि वारलेल्या मुलाची शाखा असे पाच वाटे पडतात, प्रत्येकी ६ लाख. वारलेल्या मुलाच्या शाखेचे ६ लाख त्याची पत्नी आणि दोन मुलं यांत प्रत्येकी २ लाख. अर्जात अशी वंशावळ काढून प्रत्येकाचं पूर्ण नाव, वय, नातं, आजचा पत्ता आणि हिस्सा लिहा. बाई गेली असेल तर क्रम वेगळा आहे. पहिले वारस मुलं, मुली आणि नवरा. मूलबाळ नसेल तर माहेरकडून आलेली मिळकत वडिलांच्या वारसांकडे आणि सासरकडून आलेली पतीच्या वारसांकडे जाते.

नंदुरबार, शिरपूर, चोपडा, यावल या सातपुड्याच्या पट्ट्यात एक गोष्ट विसरली जाते. हिंदू वारसा कायदा १९५६ अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, कलम २(२) मध्ये तसं स्पष्ट म्हटलं आहे. भिल्ल किंवा पावरा कुटुंबाच्या अर्जात तयार नमुन्यातलं 'कलम ८ प्रमाणे वारस' हे वाक्य तसंच उतरवलं जातं आणि मग कोर्ट शंका काढतं. अशा अर्जात जमातीत चालत आलेली रूढी काय आहे ते लिहावं लागतं, आणि सर्व वारसांची संमती असेल तर ती सुरुवातीलाच जोडावी. मुस्लिम कुटुंबात हिस्से शरियतप्रमाणे पडतात. आई-वडील दोघंही हिस्सेदार असतात, तेव्हा त्यांची नावं सोडू नका.

मिळकतीचं परिशिष्ट

अर्जाचा जीव या एका पानात असतो. प्रमाणपत्रावर हेच पान उतरतं आणि बँकेचा कारकून ओळन् ओळ ताडून पाहतो. प्रत्येक ओळीत बँकेचं नाव, शाखा, खात्याचा प्रकार, पूर्ण खाते क्रमांक, मृत्यूच्या दिवशीची शिल्लक असं सगळं हवं. शेवटी 'आणि त्यावर पैसे मिळेपर्यंत होणारं व्याज' हे शब्द घाला. ते राहिले तर काही शाखा फक्त मूळ रक्कम देतात. मुदत ठेवीला पावती क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख, शेअरला कंपनीचं नाव, संख्या आणि फोलिओ किंवा डिमॅट क्रमांक.

विलीन झालेल्या बँकांकडे विशेष लक्ष द्या. देना बँक आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. २०२० मध्ये आंध्र बँक आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, तर सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली. जुन्या पासबुकावरचं नाव आणि क्रमांक तसाच टाकला तर प्रमाणपत्र आल्यावर नवी बँक म्हणते, असं खातं आमच्याकडे नाही. म्हणून आधी घेतलेल्या पत्रातलाच आजचा क्रमांक टाका आणि जुना क्रमांक बाजूला 'पूर्वीचा' म्हणून लिहा.

परिशिष्टातून एखादं खातं सुटलंच तर घाबरू नका. कलम ३७६ खाली आधीच्याच प्रमाणपत्रात नवं खातं वाढवून मागता येतं. फी भरावी लागते, पण सगळी चौकशी पुन्हा पहिल्यापासून होत नाही.

नावांचा घोळ

पासबुकावर 'पाटील सुभाष भिका', आधारवर 'सुभाष भिकन पाटील', मृत्यूच्या दाखल्यावर 'सुभाष भिकाजी पाटील'. गावात सगळे ओळखतात, पण कोर्टासाठी ही तीन माणसं आहेत. अर्जातच 'मयत यांस पुढील सर्व नावांनी ओळखलं जात होतं' असा परिच्छेद घालून तिन्ही नावं लिहा, त्याला शपथपत्र जोडा आणि प्रमाणपत्रातही सर्व नावं 'उर्फ' लावून मागा. मृत्यूच्या दाखल्यात उघड चूक असेल तर ती निबंधकाकडून आधी दुरुस्त करून घ्या. कोर्टात अर्ज पडल्यावर दाखला बदलला तर दोन दाखले समोर येतात आणि खुलासा देत बसावं लागतं.

जिल्ह्याच्या नावाचाही घोळ होतो. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. शहादा, तळोदा, नवापूरच्या माणसांच्या जुन्या पावत्यांवर 'जि. धुळे' असतं. त्याहून जुन्या कागदांवर 'पश्चिम खानदेश', जळगावकडच्यांवर 'पूर्व खानदेश'. पत्ता एकच आहे, एवढं एका ओळीत अर्जात लिहून टाका.

अर्ज पडल्यावर काय होतं

अर्जासोबत मृत्यूचा दाखला, वारसांची ओळखपत्रं, रेशनकार्ड, पासबुकं आणि पावत्यांच्या प्रती, बँकेची पत्रं, वंशावळ, वकीलपत्र आणि पडताळणीचं शपथपत्र जोडतात. फीइतकी रक्कम अर्जासोबत जमा करायची असते. अर्ज मंजूर झाला की त्यातूनच प्रमाणपत्राचा मुद्रांक घेतला जातो, आणि नामंजूर झाला तर ती परत मिळते. वकिलाची फी वेगळी. ती आधी ठरवून पावती मागा. स्त्री अर्जदार आणि अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं, एक साधा अर्ज द्यावा लागतो.

नोंदणी झाली की १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक मिळतो. तो टिपून ठेवा. ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख आणि रोजनामा (त्या दिवशी कोर्टात काय झालं त्याची नोंद) घरबसल्या दिसतो, प्रत्येक वेळी फोन करून विचारावं लागत नाही.

मग नोटिसा. प्रत्येक वारसाला स्वतंत्र, आणि जगाला म्हणून एक जाहीर नोटीस. ती कोर्टाच्या फलकावर लागते आणि बहुधा वर्तमानपत्रातही छापावी लागते. कोर्टाने सांगितलेल्या वर्तमानपत्रातच छापा आणि अख्खं पान दाखल करा, कात्रण नको. तारीख, पानाचा क्रमांक आणि वर्तमानपत्राचं नाव दिसलं पाहिजे. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, तो नोटीस न बजावल्याने. बहीण बऱ्हाणपूरला किंवा सुरतेला दिलेली, पत्ता जुना, नोटीस पोचवणारा कोर्टाचा बेलिफ तिथवर जाणार नाही, पोस्टाने पाकीट परत येतं, तारीख पुढे. यावर सरळ उपाय असा की सगळे वारस राजी असतील तर पहिल्याच तारखेला हजर करून त्यांच्या सह्यांची संमतीची पुरसीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, द्या. ज्यांना येणं शक्य नाही त्यांचं नोटरी केलेलं ना हरकत शपथपत्र आणि ओळखपत्राची प्रत द्या. किंवा सगळ्यांनी मिळून एकत्रच अर्जदार व्हा, म्हणजे आपसात नोटीस बजावायचा प्रश्नच राहत नाही.

मुदतीत हरकत आली नाही की अर्जदाराचं पुराव्याचं शपथपत्र दाखल होतं, मूळ कागद कोर्टाला दाखवून त्यांवर निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, पडते, कधी एखादा साक्षीदार तपासला जातो. त्या दिवशी मूळ मृत्यूचा दाखला आणि मूळ पासबुकं हातात हवीत. झेरॉक्स घेऊन गेलेल्याची तारीख वाया जाते. वाद नसलेला अर्ज सहसा काही महिन्यांत निकाली निघतो. मे महिन्याच्या सुट्टीच्या तोंडावर अर्ज पडला तर तेवढे आठवडे वाढतात.

हरकत आली तर? कोर्ट इथे मालकीचा संपूर्ण दावा चालवत नाही. प्रश्न फार गुंतागुंतीचा असेल तर सकृतदर्शनी ज्याचा हक्क सर्वांत चांगला दिसतो त्याला प्रमाणपत्र देता येतं. दुसऱ्याचा दिवाणी दाव्याचा मार्ग त्यामुळे बंद होत नाही. अशा वेळी कोर्ट जामीन आणि बंधपत्र मागू शकतं. दोन बायकांची भांडणं या टप्प्यावर येतात. पहिलं लग्न टिकून असताना झालेलं दुसरं लग्न हिंदू कायद्याने शून्य, म्हणून ती स्त्री वारस ठरत नाही. पण तिची मुलं बापाच्या स्वतःच्या मिळकतीत वारस आहेत. त्यांची नावं दडवू नका.

वारसांत अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचं, मूल असेल तर त्याच्या वतीने नैसर्गिक पालक हजर होतो. त्याचा हिस्सा सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायचा आदेश होणं नेहमीचं आहे. त्याची पावती, तारीख आणि नूतनीकरण यांकडे आईने स्वतः लक्ष ठेवावं.

आदेश म्हणजे प्रमाणपत्र नव्हे

निकाल लागला की लोक आदेशाची नक्कल घेऊन बँकेत जातात आणि परत फिरतात. आदेशानंतर मुद्रांकाचा आणि बंधपत्र सांगितलं असेल तर त्याचा भाग पुरा करून प्रत्यक्ष प्रमाणपत्र बाहेर काढावं लागतं. कोर्टातून निघण्यापूर्वी तिथेच उभं राहून खाते क्रमांकाचा अंकन् अंक, नावं आणि रकमा परिशिष्टाशी ताडून पाहा. एक आकडा उलटा पडला तरी बँक अडते आणि दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज द्यावा लागतो. खाती जितक्या ठिकाणी असतील तितक्या प्रमाणित नकला एकाच वेळी मागा. मूळ प्रत बँकेत दाखवायची, तिथे ठेवून यायची नाही.

बँकेत दाव्याचा फॉर्म, प्रमाणपत्राची प्रमाणित नक्कल, ओळखपत्र, पॅन आणि अर्जदाराच्या खात्याचा रद्द केलेला चेक द्या आणि पोच घ्या. मयताचं पीक कर्ज किंवा सोनेतारण त्याच बँकेत असेल तर ती शिलकीतून वळतं करून घेण्याची शक्यता असते. हिशोबाचा उतारा मागा. व्यापारी बँक सगळे कागद घेऊनही गप्प राहिली तर आधी लेखी तक्रार करा, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला फी नाही.

मयताचं पॅन लगेच रद्द करू नका. शेवटचं विवरणपत्र वारसाने भरायचं असतं. मिळालेली मूळ रक्कम वारसाचं उत्पन्न नाही, पण मृत्यूनंतरचं व्याज आहे.

ज्याच्या नावाने प्रमाणपत्र निघालं, त्याने पैसे खात्यात आले त्याच आठवड्यात बाकीच्यांचे हिस्से चेकने किंवा खात्यावर पाठवून द्यावेत, रोखीने नको. एका कागदावर कोणाला किती दिले ते लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात आणि तो कागद प्रमाणपत्रासोबतच ठेवावा.